साम्मार्तिनीची एक सुरुवातीची सिंफनी: हस्तलिखित पार्टांपासून वादनापर्यंत जवळजवळ नऊ महिने

स्कॅनसाठी ग्रंथालयाला पहिली ईमेल 6 मार्च 2023 ला गेली. 26 नोव्हेंबर 2023 च्या रविवारी संध्याकाळी पुण्यात बारा हौशी वादकांनी जोव्हानी बात्तिस्ता साम्मार्तिनी या अठराव्या शतकातल्या इटालियन संगीतकाराची एफ मेजरमधली (म्हणजे एफ हा आधारस्वर असलेली) सिंफनी, वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना, वाजवली. साम्मार्तिनीच्या रचनांच्या जेन्किन्स-चर्गिन सूचीत तिचा क्रमांक 32 आहे आणि वाजायला तिला दहा मिनिटंही लागत नाहीत. दहा मिनिटांच्या संगीतासाठी इतके महिने का लागले आणि त्यातले किती वाचवता आले असते, हे एखाद्या छोट्या तंतुवाद्यवृंदाच्या उपयोगी पडेल म्हणून क्रमाने लिहून ठेवत आहे. आम्ही सुरुवात केली तेव्हा मराठीत असं काही वाचायला मिळालं नव्हतं आणि पहिले दोन महिने अक्षरशः चाचपडण्यात गेले.

साम्मार्तिनीच का, तर अडचण वाद्यांची होती. आपल्याकडे व्हायोलिन वाजवणारे मिळतात, चेलोही मिळतो. ओबो, बासून, हॉर्न ही फुंकवाद्यं मात्र शोधत फिरावं लागतं. हायडन किंवा मोझार्टची नेहमीच्या ऐकण्यातली सिंफनी घ्यायची तर दोन ओबो आणि दोन हॉर्न हवेतच. साम्मार्तिनीच्या सुरुवातीच्या सिंफनींना फक्त तंतुवाद्यं लागतात: पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, व्हियोला (व्हायोलिनहून थोडं मोठं आणि खालच्या सुराचं) आणि बास (चेलो-डबल बासची सर्वांत खालची ओळ). काहींना तर व्हियोलाही नाही, तीनच ओळी. आठ-दहा जणांच्या वृंदाला खऱ्याखुऱ्या सिंफनीपर्यंत पोहोचायचा याहून सरळ रस्ता माझ्या माहितीत नाही.

हा संगीतकार मिलानचा. जन्म 1700 किंवा 1701 चा, मृत्यू 15 जानेवारी 1775. वडील फ्रान्सहून आलेले ओबोवादक, आडनाव सें-मार्तें. त्याचंच इटालियन रूप साम्मार्तिनी. मिलानमधल्या अनेक चर्चमध्ये तो संगीतप्रमुख होता आणि पुढे ऑपेरांसाठी गाजलेला ग्लुक तरुणपणी काही वर्षं त्याच्याकडे शिकला. पुढे ग्लुकने आपल्या नाट्यसंगीतात गुरूच्या सिंफनींमधले भाग सरळ उचलून वापरले. साम्मार्तिनीच्या अस्सल मानल्या गेलेल्या सिंफनी 70 च्या आत-बाहेर आहेत. अभ्यासक त्यांचे तीन कालखंड करतात, आणि 1740 च्या सुमारापर्यंतच्या पहिल्या कालखंडात 19 येतात. त्या वेळी हायडन आठ वर्षांचा होता. सिंफनी म्हणजे ऑपेराचा पडदा उघडण्याआधी वाजवायचं संगीत, ही समजूत मोडून ती मैफिलीत स्वतंत्रपणे उभी राहिली, ती इथे.

शोधाला लागलं की पहिला गोंधळ नावाचा होतो. थोरला भाऊ जुझेप्पे लंडनला गेलेला नामांकित ओबोवादक आणि संगीतकार. नकलनवीस दोघांनाही ‘सिन्योर सान मार्तिनी’ लिहीत. जुन्या प्रतींवर सान मार्तिनी, सान मार्तिनो, सेंट मार्तिनी अशी सगळी रूपं सापडतात. शीर्षकाचंही तसंच: एकच रचना एका प्रतीत ‘सिंफोनिया’, दुसरीत ‘ओव्हर्तुरा’, तिसरीत ‘सोनाता’ किंवा ‘कोन्चेर्तिनो’. म्हणून नावाने शोधू नका, सुरावटीने शोधा. हस्तलिखितांची आंतरराष्ट्रीय सूची, रिझम, इंटरनेटवर फुकट आहे आणि रचनेचे पहिले पाच-सहा स्वर टाकून तिच्यात शोधता येतं. त्यातून निघालेली नोंद 1976 च्या जेन्किन्स-चर्गिन सूचीतल्या क्रमांकाशी जुळते का, ते बघायचं. जुळली तर ती जोव्हानी बात्तिस्ताची. हा पडताळा आधी केला नाही, तर महिनाभर मेहनत करून शेवटी धाकट्याऐवजी थोरल्या भावाची किंवा भलत्याच कुणाची रचना हाती येऊ शकते.

या सुरुवातीच्या सिंफनींचा सर्वांत मोठा साठा पॅरिसमध्ये आहे. फ्रान्समधल्या मेत्सच्या न्यायसभेतला ब्लांशतों नावाचा अधिकारी 1740 च्या आसपास वाद्यसंगीताच्या प्रती जमवत होता आणि सुमारे 300 रचनांचा तो संग्रह ‘फों ब्लांशतों’ या नावाने टिकून राहिला. बाकीच्या प्रती प्राग, कार्ल्सरुहे, स्टॉकहोम अशा विखुरलेल्या. बहुतेक सगळ्या नकला आहेत, संगीतकाराच्या हातच्या नाहीत. आणि त्यात स्कोअर नाही. सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेला स्कोअर त्या काळी वादनाला लागत नसे. असतात ते सुटे पार्ट, प्रत्येक वाद्याचा वेगळा. म्हणजे चार कागद शेजारी ठेवून स्कोअर आपणच उभा करायचा.

यावर कुणीही विचारेल, छापील आवृत्ती नाही का? आहे. बाथिया चर्गिन यांनी संपादित केलेला सुरुवातीच्या सिंफनींचा खंड 1968 मध्ये हार्वर्डने छापला. अभ्यासाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही आणि आम्ही अडलो तिथे तो ग्रंथालयात बसून पाहिला. पण तो मोठा स्कोअर आहे, वादकांपुढे ठेवायचे पार्ट नव्हेत. शिवाय संगीतकाराचा हक्क केव्हाच संपला असला, तरी आधुनिक संपादकाने केलेल्या कामावर हक्क असू शकतो. त्या खंडावरून पार्ट उतरवून वाजवणं आम्हाला योग्य वाटलं नाही. हस्तलिखितावरून स्वतः उतरवलं की हा प्रश्नच उरत नाही.

स्कॅन मागवायला युरोपातल्या एका ग्रंथालयाला लिहिलं. 21 मार्चला उत्तर आलं, सोबत अर्ज. अर्जात चार गोष्टी विचारल्या होत्या: हस्तलिखिताचा नेमका क्रमांक, पानं, स्कॅन कशासाठी, आणि प्रकाशित करणार का. इथे आमची चूक झाली. ‘अभ्यास आणि वादन’ असं मोघम लिहिल्यामुळे अर्ज खुलाशासाठी परत आला आणि 12 दिवस गेले. सरळ लिहावं: विनातिकीट हौशी वादनासाठी पार्ट उतरवायचे आहेत, हस्तलिखिताची चित्रं छापणार नाही. बिल 41 युरो झालं. बँकेतून परदेशी पैसे पाठवायचे तर ए-टू फॉर्म, पॅन आणि पैसे कशासाठी त्याचा संकेतांक द्यावा लागतो. बँकेचं शुल्क करासह 1,180 रुपये पडलं, म्हणजे बिलाच्या जवळजवळ एक तृतीयांश. नंतर कळलं की ग्रंथालय कार्डही घेत होतं. ते आधी विचारून घ्या. स्कॅन 2 मे ला आले.

मागवताना रंगीत स्कॅन मागा. काळ्या-पांढऱ्यात शाईचा डाग आणि स्वराचा ठिपका वेगळे ओळखता येत नाहीत, आणि मागच्या पानाची शाई पुढे उतरलेली असेल तर नसलेले स्वर दिसायला लागतात. मुखपृष्ठ आणि कोरी पानंही मागा; पार्ट किती होते आणि एखादा हरवला आहे का, ते तिथूनच कळतं.

आता खरं काम. संगीतलेखनाचा संगणकप्रोग्रॅम म्हणून म्युझस्कोअर वापरला. तो फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतो. पण संगणकाला हात लावण्याआधी पेन्सिलीने एक गोष्ट करायची: प्रत्येक पार्टमधले बार, म्हणजे दोन उभ्या रेघांमधले तालाचे तुकडे, मोजायचे. प्रत्येक भागासाठी, दोन पुनरावृत्तींच्या खुणांमधल्या प्रत्येक तुकड्यासाठी, चारही पार्टांचे आकडे एका तक्त्यात मांडायचे. नकलनवीस सर्वांत जास्त चुकतो तो इथेच. सारखे दिसणारे दोन बार लागोपाठ आले की एक गाळतो, किंवा ओळ बदलताना तोच बार दोनदा लिहितो. आमच्याकडे पहिल्या भागात व्हियोलाचा एक बार कमी भरला. आकडे आधी हाती होते म्हणून अर्ध्या तासात जागा सापडली: बास जिथे चार बार एकच स्वर धरून होता, तिथे व्हियोलाने तीनच लिहिले होते. मोजणी न करता टंकलं असतं, तर त्या जागेपासून पुढचे सगळे स्वर एक बार सरकले असते आणि चूक शोधायला दिवस गेला असता.

टंकायला सुरुवात बासपासून करा. मन पहिल्या व्हायोलिनकडे ओढ घेतं, चाल तिथे असते ना. पण बास हा सांगाडा आहे. त्यावर आकडेही लिहिलेले असतात: 6, 7, 4 नंतर 3 असे. हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं कीबोर्डवाद्य) वाजवणाऱ्याने त्या स्वरावर कोणता स्वरसमूह भरायचा, त्याच्या या खुणा. खाली ए असेल आणि वर 6 लिहिला असेल, तर एफ मेजरचा समूह, तळाला ए ठेवून. हे आकडे म्हणजे नकलनवीसाने नकळत ठेवलेली उत्तरपत्रिका आहे. दुसऱ्या व्हायोलिनचा एखादा स्वर संशयास्पद वाटला की खालचा आकडा बघायचा. बहुतेक वेळा निकाल तिथेच लागतो. बासनंतर पहिलं व्हायोलिन, मग दुसरं, आणि शेवटी व्हियोला.

व्हियोला शेवटी ठेवायला कारण आहे. या काळात व्हियोला बराच वेळ बासचीच ओळ एक सप्तक वर वाजवतो. नकलनवीस ती पूर्ण लिहायचा कंटाळा करतो आणि ‘कोल बासो’, म्हणजे बासबरोबर, एवढंच लिहून मोकळा होतो. ती ओळ आपण भरायची. भरताना एक सापळा आहे: बास स्वतःच वर चढलेला असेल तर सप्तक वर नेलेला व्हियोला दुसऱ्या व्हायोलिनच्याही वर निघून जातो आणि मधला स्वर अचानक माथ्यावर ऐकू येतो. तिथे व्हियोला बासच्याच सप्तकात ठेवला. असे सगळे निर्णय स्कोअरमध्ये लहान अक्षरांत दाखवले, म्हणजे पुढच्या माणसाला हस्तलिखितात काय आहे आणि आम्ही काय घातलं, ते वेगळं दिसेल.

बाकीच्या संक्षेपखुणा लवकर अंगवळणी पडतात. स्वराच्या दांडीवर आडवी रेघ म्हणजे तो स्वर छोट्या तुकड्यांत पुन्हा पुन्हा. दुसऱ्या व्हायोलिनमध्ये ‘उनिसोनो’ म्हणजे पहिल्यासारखंच. ‘पिया’ आणि ‘फोर’ म्हणजे हळू आवाजात आणि जोरात. यापलीकडे आवाजाच्या सूचना जवळपास नाहीतच.

सर्वांत जास्त वेळ शार्प (स्वर अर्ध्याने वर), फ्लॅट (अर्ध्याने खाली) आणि नॅचरल (मूळ स्वर) या खुणांनी घेतला. आज एखाद्या स्वरापुढे खूण आली की ती त्या बारच्या अखेरीपर्यंत लागू असते. त्या काळी तसं पक्कं नव्हतं. खूण त्या स्वरापुरती, फार तर लगेच परत आला तर त्यालाही. उलट वादकाला कळेलच म्हणून खूण गाळलीही जायची. एफ मेजरमध्ये बी हा स्वर फ्लॅट असतो. पहिल्या भागाचा पूर्वार्ध सी मेजरकडे जातो आणि तिथे पोहोचायला बी नॅचरल लागतो. आमच्या प्रतीत अशा एका जागी पहिल्या व्हायोलिनला नॅचरलची खूण होती, दुसऱ्याला नव्हती. दोघांनी जसंच्या तसं वाजवलं असतं तर बी आणि बी फ्लॅट एकमेकांवर आदळले असते. ही जागा सोपी. अवघड जागा त्या, जिथे खूण कुठल्याच पार्टमध्ये नाही, बासवर आकडा नाही आणि दोन्ही स्वर चालू शकतात. अशा तीन जागा निघाल्या. तिथे आमची खूण स्वराच्या बाजूला न घालता डोक्यावर, लहान आकारात घातली. ही रूढ पद्धत आहे, तीच पाळा.

स्वर जोडणाऱ्या कमानींचंही तसंच. एकच सुरावट पहिल्या व्हायोलिनला दोन-दोन स्वर जोडून, दुसऱ्याला सुटी. पुढच्या वेळी उलट. दोघं एकमेकांना उत्तर देत असतील तर कमानी सारख्या करणं भाग असतं, नाहीतर गज विरुद्ध दिशांना जातात. घातलेल्या कमानी तुटक रेघेने दाखवल्या. पण नक्कल करणारा आळशी होता असं धरून सगळीकडे इस्त्री फिरवू नये. काही ठिकाणचा फरक मुद्दाम केलेला असतो, आणि दोन-तीन वेळा वाजवून पाहिल्याशिवाय तो ओळखू येत नाही.

टंकनाला मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत वेळ लागला, आठवड्याला पाच-सहा तास. मग तपासणी. पडद्यावर तपासू नका. कागदावर छापा आणि दोघांनी मिळून करा: एकाने हस्तलिखितावरून स्वर मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने छापलेल्यावर बोट ठेवायचं. कंटाळवाणं आहे, पण संगणकाच्या आवाजात ऐकून न कळलेल्या 17 चुका यात सापडल्या. त्यातल्या बऱ्याच एकाच जातीच्या होत्या: चूक कानाला गोड लागत होती, म्हणून सुटली होती.

पार्ट छापताना स्वररेषांची उंची 7 मिलिमीटर ठेवली; त्याहून लहान केली तर स्टँडवर दोघांना मिळून वाचता येत नाही. कागद ए-फोर, 100 जीएसएमचा. पातळ कागद पंख्याखाली उडतो आणि मागची छपाई पुढे दिसते. पान उलटायची जागा विश्रांतीच्या बारवर यायला हवी. या सिंफनीत पहिल्या व्हायोलिनला विश्रांती फार कमी आहे, त्यामुळे प्रत्येक भाग समोरासमोरच्या दोन पानांत बसवला आणि पान दोन भागांच्या मध्येच उलटेल असं केलं. बारचे आकडे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला घातले. झेरॉक्सच्या दुकानात एका पानाला पाच रुपये. दुरुस्त्यांमुळे तीनदा छापावं लागलं, सगळे मिळून हजाराच्या आसपास. पहिली तालीम होईपर्यंत साध्या कागदावरच छापली असती तर निम्मे वाचले असते.

बारा वादक असे: चार पहिली व्हायोलिन, तीन दुसरी, दोन व्हियोला, दोन चेलो, एक डबल बास. त्यांच्या जोडीला हार्पसिकॉर्डच्या जागी डिजिटल पियानोवरचा त्याचा आवाज. व्हायोलिनवाल्यांपैकी दोघे व्हियोलाकडे वळले. व्हियोलाचा पार्ट तिसऱ्या व्हायोलिनसाठी लिहून द्यावा अशी सूचना तेव्हा आली आणि ती मोह पाडणारी आहे. पण व्हायोलिन खालच्या जी स्वराखाली जात नाही, व्हियोला सीपर्यंत जातो. बासची ओळ सप्तक वर वाजवताना नेमके ते खालचे चार-पाच स्वर सतत लागतात. ते काढले की मधला भराव नाहीसा होतो. दोन्ही वादक दीड महिन्यात आल्टो क्लेफ, म्हणजे व्हियोलाचे स्वर लिहायची वेगळी मांडणी, वाचायला शिकले. तेवढाच वेळ लागतो, म्हणून जुलैतच सुरू करा.

डबल बास मुंबईहून आणला. वादक मूळचे गोव्याचे. गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फेजो (स्वरांची नावं गात स्वरलिपी वाचणं) आणि व्हायोलिन शिकण्याची जुनी परंपरा आहे. तिच्यातून आलेले वादक नवा पार्ट पहिल्याच वाचनात किती सहज वाजवतात, ते पाहण्यासारखं असतं. पार्ट हाती घेताच त्यांनी एक गोष्ट दाखवली जी आमच्या लक्षात आली नव्हती. चार तारांचा डबल बास खाली ईपर्यंतच जातो. चेलोचा खालचा सी त्याला मिळत नाही, आणि एफ मेजरमध्ये प्रत्येक मोठ्या थांब्याच्या आधी तो सी येतो. त्या जागा सप्तक वर घ्याव्या लागतात; पण फक्त तो एकच स्वर वर उचलला तर ओळ मध्येच उडी मारते. आधीच्या दोन-तीन स्वरांपासूनच वर घेतलं तर ऐकणाऱ्याला कळतही नाही. डबल बाससाठी वेगळा पार्ट करायला हवा होता. मागची सीट पाडून गाडीने वाद्य आणण्या-नेण्याचा एका फेरीचा खर्च 4,500 रुपये. असा खर्च तीनदाच परवडला, म्हणून तीन तालमी आणि कार्यक्रम यांची आखणी वाद्याच्या मुक्कामाप्रमाणे केली.

तालमी 3 सप्टेंबरला सुरू झाल्या, दर रविवारी. गणपतीत 24 सप्टेंबरची सोडली आणि 12 नोव्हेंबरला दिवाळी. 19 नोव्हेंबरला विश्वचषकाचा अंतिम सामना होता, म्हणून सकाळी आठला तालीम ठेवली. बाराच्या बारा आले. एकूण दहा तालमी आणि 25 नोव्हेंबरला रंगीत तालीम. यापेक्षा कमीत हे होईल असं मला वाटत नाही.

काय बिघडतं ते सांगते. एक, बास धावतो. या संगीतात बासला एकच स्वर सलग ठोकत राहण्याचं काम फार असतं. ते सोपं दिसतं, म्हणून लक्ष सुटतं आणि चार बारांत लय पुढे जाते. उपाय असा निघाला की बासने आणि व्हियोलाने गज तारेवर ठेवूनच, मधोमध, थोड्या लांबीत वाजवायचं आणि प्रत्येक बारच्या पहिल्या स्वरालाच किंचित वजन द्यायचं. गज उडवला की वेग आपोआप वाढतो.

दोन, वाक्यांची लांबी. कान चार-चार बारांच्या वाक्यांना सरावलेले असतात. साम्मार्तिनी मध्येच तीन बारांचं वाक्य टाकतो, मग दोन, मग पुन्हा चार. पहिल्या दोन तालमींत लोक याच जागी हरवत होते आणि दोष मोजण्याला देत होते. वाक्यं कुठे संपतात त्या जागी पेन्सिलीने उभी खूण केली, सगळ्यांनी पहिल्या व्हायोलिनची ओळ एकदा गाऊन घेतली, आणि हरवणं थांबलं. मला तर या संगीताचं सगळ्यात मोठं सुख तेच वाटतं. वाक्य संपलं असं वाटतं आणि पुढचं आधीच सुरू झालेलं असतं.

तीन, दुसरी व्हायोलिनं. नेहमीसारखी ती पहिल्यांच्या शेजारी बसवली तर या सिंफनीचा अर्धा अर्थ हरवतो. साम्मार्तिनी दुसऱ्या व्हायोलिनला नुसता साथीदार ठेवत नाही. ती पहिल्याची सुरावट उचलतात, मध्येच त्याच्या वर जातात, उत्तर देतात. चौथ्या तालमीत त्यांना समोरासमोर बसवलं: डावीकडे पहिली, उजवीकडे दुसरी, मध्ये चेलो आणि व्हियोला, कीबोर्ड चेलोच्या मागे. त्या दिवशी प्रथमच ऐकताना संवाद कुठून कुठे जातो ते कळलं, आणि वाजवणाऱ्यांचे चेहरेही बदलले. यासाठी दुसऱ्या व्हायोलिनमध्ये एक खंबीर वादक हवा. सगळे तयार वादक पहिल्यात ठेवायची आपली सवय इथे नडते.

चार, वेग. पहिल्या भागावर ‘प्रेस्तो’, म्हणजे फार जलद, लिहिलं आहे. सुरुवातीला मेट्रोनोमवर (ठोके देणाऱ्या यंत्रावर) मिनिटाला 152 धरलं, तेव्हा सर्वांत लहान स्वरांचा चिखल झाला. 132 वर प्रत्येक स्वर सुटा ऐकू आला आणि आश्चर्य म्हणजे जास्त वेगवान वाटला. दोन्ही अर्धांची पुनरावृत्ती लिहिल्याप्रमाणे केली. ती गाळून वेळ वाचवायची कल्पना सोडून द्या. इतका छोटा भाग एकदाच वाजला तर कानात घर करायला वेळच मिळत नाही.

सप्टेंबरमध्ये पावसाळी हवेने तारांचा सूर सतत हलतो आणि गजाचे केस सैल पडतात. दर वीस मिनिटांनी सूर लावायला थांबा आणि तो वेळ तालमीच्या हिशोबातच धरा.

कीबोर्डविषयी थोडं. चार ओळी आहेत म्हणजे तो नसला तरी चालेल, असं वाटतं. पण व्हियोला बासबरोबर असतो आणि दोन्ही व्हायोलिनं वर एकत्र असतात, तेव्हा मध्ये मोठी पोकळी राहते. कीबोर्ड ती भरतो. उजव्या हाताने साधे तीन स्वर, व्हायोलिनच्या खाली, एवढंच. बोटांची करामत नको. ए हा स्वर आजच्या नेहमीच्या 440 कंपनांवरच ठेवला, कारण पोलादी तारांची आधुनिक वाद्यं जुन्या संगीतासाठी वापरतात त्या 415 वर उतरवली की त्यांचा ताण जातो आणि आवाज फुसका होतो.

सभागृह साठ-सत्तर खुर्च्यांचं, अर्ध्या दिवसाचे 6,000 रुपये आणि तेवढीच अनामत. ऑक्टोबरच्या शेवटी व्यवस्थापनाने संगीताच्या हक्कांचा परवाना मागितला. हा प्रसंग जवळजवळ प्रत्येकावर येतो, म्हणून नीट सांगते. भारतात संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी संपतो. ही रचना 1775 मध्ये वारलेल्या माणसाची, पार्ट आम्ही स्वतः केलेले, वादन प्रत्यक्ष आणि ध्वनिमुद्रण वाजवणार नाही. अशा कार्यक्रमाला त्या परवान्याची गरज पडत नाही. पण तोंडी सांगून काउंटरवरचा माणूस ऐकत नाही, आणि त्याने तरी का ऐकावं, उद्या जबाबदारी त्याच्यावर येते. एका पानाचं पत्र दिलं: प्रत्येक रचनेचं नाव, रचनाकाराचं मृत्यूचं वर्ष, पार्ट कोणी केले, ध्वनिमुद्रण वापरणार नाही, खाली सही. बाकीच्या रचनाही जुन्याच असल्याने पत्र पुरलं. दोन खेपा आणि नऊ दिवस लागले. मध्यंतरात स्पीकरवर गाणी लावणार असाल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे परवाना लागतो. आम्ही मध्यंतरात काहीच लावलं नाही.

कार्यक्रम चांगला झाला. मधल्या संथ भागात दुसरी व्हायोलिनं एका प्रवेशाला उशिरा आली आणि पुढच्या वाक्यात सावरली. शेवटचा भाग तालमीपेक्षा जरा वेगात गेला, पण सगळे एकत्र गेले.

दुसऱ्या दिवशी बाराही पार्ट परत गोळा केले. हे विसरू नका. वादकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा हेच नऊ महिन्यांचं सर्वांत मौल्यवान कागदपत्र असतं. गजाच्या दिशा, वाक्यांच्या खुणा, डबल बासचे वर घेतलेले स्वर, हे सगळं डिसेंबरमध्ये मूळ फाइलमध्ये चढवलं. त्या तीन संशयास्पद जागांपैकी दोन वाजवता वाजवता सुटल्या. तिसरी, शेवटच्या भागातली, सुटली नाही: अर्ध्या वादकांच्या पार्टवर बी फ्लॅट ठेवलेला, अर्ध्यांच्या पार्टवर नॅचरल लिहून खोडलेला. त्या स्वराच्या डोक्यावरची लहान खूण फाइलमध्ये तशीच ठेवली आहे.